शमुवेल: नावाचा अर्थ, बायबलमधलं मूळ आणि इंदूरच्या मराठी घरांतून येणारे प्रश्न

मुलाचं नाव 'शमुवेल' ठरलं की घरात आनंदाबरोबर प्रश्नही सुरू होतात. आजोबा अर्थ विचारतात, सासरची मंडळी बारशाचं विचारतात, आणि नगर निगमचा अर्ज समोर आला की स्पेलिंगवरून अडतं. संडे स्कूलमध्ये शिकवताना आणि बाप्तिस्म्याच्या उपासनेची तयारी करताना मला हे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले जातात. काही रामबागेतून येतात, काही सुदामानगरातून, तर काही नगर-पुण्याकडून, ज्यांची लेक इंदुरात दिली आहे अशा घरांतून. पुन्हा पुन्हा येणारे तेवढे इथे एकत्र केले आहेत. बायबलचे संदर्भ मराठी पवित्र शास्त्रातले आहेत; पुस्तकाचं नाव दिलेलं नसेल तिथे १ शमुवेल समजावं.

१. शमुवेल या नावाचा अर्थ नेमका काय?

मूळ हिब्रू उच्चार 'श्मुएल' असा आहे. शेवटचा 'एल' म्हणजे देव, आणि त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. दानिएल, योएल, इम्मानुएल या नावांतही तोच आहे. पहिल्या भागाचा संबंध बहुतेक अभ्यासक 'शेम', म्हणजे नाव, या शब्दाशी जोडतात. त्यावरून 'देवाचं नाव' किंवा 'त्याचं नाव देव आहे' असा अर्थ निघतो. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना मात्र वेगळंच कारण सांगते: मी याला परमेश्वराजवळ मागितलं, म्हणून हे नाव (१ शमुवेल १:२०).

पत्रिकेवर एकच ओळ छापायची असेल तर मी 'देवाजवळ मागून घेतलेला' असं लिहायला सांगते. व्याकरणाने तो शब्दशः अर्थ होत नाही हे मला ठाऊक आहे. पण नाव ठेवणाऱ्या आईने दिलेलं कारण शास्त्रातच लिहिलेलं आहे, आणि मुलाला मोठेपणी सांगायला तेच सगळ्यात मोलाचं आहे.

२. सगळीकडे तर 'देवाने ऐकलं' असा अर्थ दिलेला असतो. तो चूक आहे का?

शब्द म्हणून तो अर्थ बसत नाही. 'ऐकणे' या हिब्रू धातूत, 'शमा'मध्ये, 'अयिन' नावाचं एक अक्षर आहे आणि ते श्मुएल या नावात नाही. ते अक्षर सांभाळणारं नाव इश्माएल. उत्पत्ती १६:११ मध्ये देवदूत हागारेला सांगतो की परमेश्वराने तुझं दुःख ऐकलं आहे, म्हणून मुलाचं नाव इश्माएल ठेव. 'देव ऐकतो' हा अर्थ खरा त्या नावाचा.

तरीही हा अर्थ लोकांच्या तोंडी का बसला ते समजण्यासारखं आहे. देवाने हन्नाचं ऐकलं, आणि पुढे तोच मुलगा रात्री हाक ऐकून म्हणाला, "बोल, तुझा दास ऐकत आहे" (३:१०). गोष्ट ऐकण्याचीच आहे. म्हणून पाळकांनी संदेशात 'देवाने ऐकलं' म्हटलं तर हरकत नाही. फक्त हिब्रू शब्दाचा अर्थ म्हणून ते छापू नये.

३. 'मागितलेला' म्हणजे तर शौल ना? मग हन्नाचं कारण शमुवेलाला कसं लागू पडतं?

हा प्रश्न बायबल बारकाईने वाचणारे विचारतात आणि तो रास्त आहे. 'मागणे' याला हिब्रूत 'शाअल', आणि त्यातूनच 'शाऊल', म्हणजे आपला शौल, इस्राएलचा पहिला राजा. १:२८ मध्ये हन्ना मुलाला परमेश्वराला देऊन टाकते तिथे मूळ हिब्रूत चक्क 'शाऊल' हाच शब्द आला आहे. काही अभ्यासक म्हणतात की ही नामकरणाची कथा आधी शौलाची असावी.

मला दुसरं मत जास्त पटतं. आठव्या अध्यायात लोक राजा मागतात तिथे हाच 'मागणे' धातू येतो, बाराव्या अध्यायात पुन्हा येतो. लोकांनी हट्टाने मागितलेला माणूस शौल. एका बाईने रडून मागितलेला आणि मिळताच परत दिलेला तो शमुवेल. लेखकाने दोघांना मुद्दाम एकमेकांसमोर उभं केलं आहे असं पुस्तक सलग वाचलं की जाणवतं.

४. आमच्याकडे बायबल फारसं कुणी वाचलेलं नाही. हन्नाची गोष्ट थोडक्यात सांगाल?

एफ्राईमच्या डोंगराळ मुलखात एलकाना नावाचा माणूस राहत होता. त्याला दोन बायका, हन्ना आणि पनिन्ना. पनिन्नेला मुलंबाळं होती, हन्नाला नव्हती. दरवर्षी सगळे शिलो इथे यज्ञाला जात आणि दरवर्षी पनिन्ना तिला टोचून बोलत असे. नवरा जीव लावणारा होता. "मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का?" असं त्याने तिला विचारलेलं शास्त्रात आहे. पण तेवढ्याने तिचं मन भरेना.

एका वर्षी ती जेवणानंतर उठली आणि मंदिरात जाऊन रडत रडत प्रार्थना करू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, ही बाई दारू प्यालेली आहे. त्याने तिला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, नाही महाराज, मी दुःखी बाई आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे. तेव्हा एलीने आशीर्वाद दिला. ती परतली तेव्हा तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहिला नाही, आणि मूल व्हायला तर अजून अवकाश होता. माझ्या मते साऱ्या कथेचं मर्म याच वाक्यात आहे.

मुलगा झाला. त्याचं दूध तुटेपर्यंत ती यात्रेला गेली नाही. घरी राहून तिने त्याला वाढवलं. मग बोलल्याप्रमाणे त्याला शिलोला नेऊन एलीच्या स्वाधीन केलं. पुढे दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे (२:१९). नंतर तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या.

५. उपासनेत किंवा घरच्या प्रार्थनेत कोणते भाग वाचावेत?

नाव ठेवताना १ शमुवेल १:२० ते २८. वेळ असेल तर २:१ ते १० हे हन्नाचं गीत वाचावं. मरीयेचं गीत (लूक १:४६ ते ५५) त्याच वळणावर जातं, ते शेजारी ठेवून वाचलं तर ऐकणाऱ्यांना फार आवडतं. पहिल्या वाढदिवसाला २:२६ घ्या, म्हणजे मुलगा देवाच्या आणि माणसांच्या प्रसन्नतेत वाढत गेला ते वचन; लूक २:५२ मध्ये येशूविषयी जवळजवळ तेच शब्द आहेत. मुलगा शाळेत जाऊ लागला की तिसरा अध्याय. आणि तरुण शमुवेलांनी १२:२३ जरूर पाठ करावं: तुमच्यासाठी प्रार्थना करणं मी सोडलं तर ते माझ्या हातून पाप होईल, असं म्हातारा शमुवेल लोकांना सांगतो.

६. चित्रात गुडघे टेकून हात जोडलेला लहान मुलगा असतो. हाक आली तेव्हा तो तेवढाच होता का?

शास्त्र त्याचं वय सांगत नाही. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस त्याला बारा वर्षांचा म्हणतो. घरोघरी दिसणारं चित्र इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने १७७६च्या सुमारास काढलेल्या चित्रावरून आलेलं आहे. बायबलमध्ये मात्र मुलगा परमेश्वराच्या मंदिरात झोपलेला असतो, हाक आली की धावत एलीकडे जातो, असं तीनदा होतं, आणि एली सांगतो तेव्हा कुठे चौथ्या वेळी तो उत्तर देतो. निरोपही लहान मुलाला पेलेल असा नव्हता: ज्या एलीने सांभाळलं त्याच्याच घराण्याच्या शिक्षेचा. सकाळी सांगायला तो घाबरला होता. शेवटी त्याने काहीही न लपवता सांगितलं.

७. मराठी बायबलमध्ये शमुवेल, हिंदीत शमूएल, शाळेत सॅम्युअल. कोणतं ठेवायचं?

इंदुरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आपल्या घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि नाव तिन्हीकडे वेगळं. याला इतिहासही आहे. इथलं प्रोटेस्टंट काम १८७७ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी उभं केलं, ते मुख्यतः हिंदीतून. महाराष्ट्रातून नोकरीधंद्यासाठी आलेल्या घरांनी आपलं मराठी बायबल सोबत आणलं. म्हणून एकाच घरात आजोबा शमुवेल, काका शमूएल आणि नातू सॅम्युअल असं दिसतं. तिन्ही एकच नाव आहे, त्यात खरं-खोटं काही नाही.

'स' कुठून आला? ग्रीक लिपीत 'श' नाही. हिब्रू बायबल ग्रीकमध्ये गेलं तेव्हा श्मुएलचा 'सामुएल' झाला, तिथून लॅटिन आणि मग इंग्रजी. मराठी आणि हिंदी भाषांतरांनी मूळचा 'श' जपला आहे, तेव्हा आपला उच्चार हिब्रूला जास्त जवळचा.

माझा सल्ला असा. कागदावर इंग्रजी स्पेलिंग एकच ठेवा, शक्यतो एस-ए-एम-यू-ई-एल, कारण ते जगात कुठेही ओळखलं जातं. मराठी उच्चारच इंग्रजीत उतरवायचा असेल तर एस-एच-ए-एम-यू-व्ही-ई-एल लिहा, पण मग जन्मापासून सगळीकडे तेच. देवनागरीतलं नाव अर्जात स्वतः भरा. ते संगणकावर सोडलं तर आधार कार्डावर 'सैमुअल', 'सेम्यूल' असं काहीही उमटू शकतं. आणि घरात, चर्चमध्ये, आजीच्या तोंडी शमुवेल राहू द्या. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दोन्ही रूपं शेजारीशेजारी लिहून घ्या. दाखल्यावर आणि नोंदवहीत नाव वेगळं झालं असेल तर पुढे प्रश्न १६ पाहा.

८. लाडाने काय हाक मारतात?

शमू, सॅम, सॅमी. मराठी घरांत शमू छान बसतं. पण शाळेच्या दाखल्यावर लाडाचं नाव जाऊ देऊ नका.

९. पहिला शमुवेल, दुसरा शमुवेल अशी दोन पुस्तकं आहेत. म्हणजे शमुवेल दोन होऊन गेले का?

नाही. हिब्रूत हे मुळात एकच पुस्तक होतं, ग्रीक भाषांतरात त्याचे दोन भाग झाले. शमुवेलाचा मृत्यू पहिल्या भागातच येतो (२५:१), त्याला रामा इथे पुरतात. दुसऱ्या भागात दावीद राजाची कारकीर्द आहे, पण नाव पुस्तकाचंच राहिलं.

याच नावाचे आणखी दोघे बायबलमध्ये सापडतात: गणना ३४:२० मध्ये शिमोन वंशातला एक सरदार आणि १ इतिहास ७:२ मध्ये इस्साखार वंशातला एक कुलप्रमुख. काही भाषांतरांत त्यांची नावं थोडी वेगळी लिहिली आहेत. नाव ठेवताना आपल्या मनात असतो तो संदेष्टा, हे दोघे नव्हेत.

१०. शमुवेल लेवी होता की एफ्राईमी?

१ शमुवेल १:१ वाचलं तर घराणं एफ्राईमच्या मुलखातलं. १ इतिहास ६ मधली वंशावळ त्याला लेवी वंशात, कहाथाच्या घराण्यात घालते. मंदिरातला गायक हेमान हा त्याचा नातू. लेव्यांना स्वतःचा प्रांत नव्हता, ते इतर वंशांच्या गावांत राहत. म्हणून घर एफ्राईमात आणि वंश लेवी, असा मेळ परंपरेने घातला आहे. तो मला पुरेसा वाटतो.

११. शमुवेलाचे स्वतःचे मुलगे लाचखाऊ निघाले. मग हे नाव ठेवणं अशुभ नाही का?

मुलगे योएल आणि अबीया बैर-शेबा इथे न्यायाधीश होते. ते लाच घेत आणि न्याय फिरवत (८:१ ते ३). त्यावर बोट ठेवूनच लोकांनी राजा मागितला. शास्त्र हे झाकत नाही. एलीच्या मुलांची, होफनी आणि फिनहास यांची, दुर्वर्तनं पाहत वाढलेल्या माणसाच्या घरी पुन्हा तेच घडावं हे वाचताना वाईट वाटतं.

पण नावात शुभ-अशुभ असतं असं बायबल कुठेच सांगत नाही. शमुवेल स्वतः कसा होता ते बाराव्या अध्यायात पाहा. म्हातारपणी तो सगळ्या लोकांसमोर उभा राहून विचारतो: मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच घेतली, सांगा. सगळे म्हणतात, काहीच घेतलं नाहीस. एवढ्या स्वच्छ माणसाचं नाव ठेवायला कचरू नये. लेकरं त्याच्यासारखी व्हावीत म्हणून मात्र नावाबरोबर संस्कारही लागतात.

१२. एन-दोरच्या बाईने शमुवेलाला वर बोलावलं, असं लिहिलं आहे. त्यामुळे सासूबाई घाबरतात.

अध्याय २८ मधला प्रसंग खरोखर अवघड आहे. शमुवेल वारला होता, शौलाला देव उत्तर देत नव्हता, म्हणून तो वेष पालटून भूतविद्या करणाऱ्या बाईकडे गेला. अशा लोकांना देशातून आधी त्यानेच घालवून दिलं होतं. १ इतिहास १०:१३ स्पष्ट सांगतं की शौल मेला त्याचं हेही एक कारण होतं. दोष शौलाचा. शमुवेल तर उलट 'मला का त्रास दिलास?' असंच विचारतो. या प्रसंगाचा नावाशी काही संबंध नाही, सासूबाईंना तिसरा अध्याय वाचून दाखवा.

१३. नाव बाप्तिस्म्यात ठेवायचं की बाळाच्या अर्पणाच्या वेळी?

हे तुमच्या मंडळीवर अवलंबून आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, म्हणजे १९७० साली सहा मंडळ्या एकत्र येऊन झालेल्या चर्चमध्ये, लहान बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा अशा दोन्ही रीती चालतात. कॅथलिक घरांत बाळपणीच स्नानसंस्कार होतो आणि तेव्हा नाव उच्चारलं जातं. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बाळाचं फक्त अर्पण होतं. बाप्तिस्मा त्याने समजून-उमजून पुढे घ्यायचा. अर्पणाच्या उपासनेत बहुधा हन्नाचाच उतारा वाचतात, म्हणून 'शमुवेल' नावाच्या बाळाला तो दिवस विशेष शोभतो. कॅथलिक घरांत नावाचा सण पाळत असाल तर संत शमुवेल संदेष्ट्याचा दिवस २० ऑगस्ट.

१४. आजोळ हिंदू आहे, त्यांना बारसं हवं आहे. करता येईल का?

पाळणा सजवावा, बायकांनी गाणी म्हणावीत, आत्याने कानात नाव सांगावं, घुगऱ्या वाटाव्यात, यात ख्रिस्ती विश्वासाला बाधणारं काही नाही. पाळण्याची गाणी मात्र निवडून घ्या किंवा हन्नाच्या कथेवर स्वतः चार कडवी रचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं ते याच जिव्हाळ्याने. बायबलमध्येही नावाचा घरगुती सोहळा दिसतो: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं नाव आठव्या दिवशी शेजारीपाजारी आणि नातलग जमलेले असताना ठेवलं गेलं, आणि कोणतं ठेवायचं यावरून तिथेही बोलाचाली झाली (लूक १:५९ ते ६३).

राशीचं अक्षर पाहायचं का, असं त्याच बैठकीत हमखास निघतं. आपल्याला त्याची गरज नाही. हे कुणाचं मन न दुखावता पण स्पष्टपणे सांगावं.

१५. आजी म्हणते, हा नवसाचा मुलगा. हन्नाने डोक्याला वस्तरा लागणार नाही असा नवस केला होता, मग जावळ काढायचं की नाही? आणि त्याला पाळकच करावं लागेल का?

हन्नाने केला तो नवसच होता (१:११), मराठी बायबलातही तोच शब्द आहे. आजींना तो आपल्यापेक्षा लवकर कळतो. फरक इतकाच की सहसा मागितलेलं मिळालं की बदल्यात दुसरं काहीतरी देऊन नवस फेडतात. हन्नाने जे मिळालं तेच परत दिलं.

वस्तऱ्याची अट तिच्या नवसापुरती होती. नाजीर, म्हणजे नवसाने देवाला वाहिलेला माणूस, होण्याचे नियम गणना ६ मध्ये आहेत आणि तेही ज्याने तसं वचन दिलं त्याच्यासाठी. शमुवेल नाव ठेवलं म्हणून तुमच्या बाळाचे केस राखावे लागत नाहीत. जावळ घरची रीत म्हणून, उन्हाळ्यात डोकं हलकं व्हावं म्हणून काढत असाल तर काढा. दुसऱ्या कुठल्या दैवताला बोललेलं असेल तर आधी पाळकांशी बोला.

पाळक होण्याचंही तसंच. तुम्ही देवाला वचन दिलं असेल तर उपदेशक ५:४-५ गंभीरपणे घ्या: नवस करून न फेडण्यापेक्षा न करणं बरं. पण नुसत्या नावाने असं वचन होत नाही. आणि मुलाच्या जन्माआधी आपण केलेला संकल्प त्याच्यावर ओझं म्हणून लादू नये. शिलोमध्ये शेवटी हाक देवाने मारली आणि 'होय' शमुवेल स्वतः म्हणाला.

१६. जन्मदाखल्यावर नाव घालण्याची मुदत किती? चूक झाली असेल तर?

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर नोंदीची माहिती रुग्णालय पाठवतं. नाव ठरलं नसेल तरी नोंद अडवू नका, नावाशिवाय नोंद होते. नाव नोंदणीपासून १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बाप्तिस्मा सहा महिन्यांनी असला तरी घाई करायची गरज नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा जन्मदाखलाच आहे. म्हणून स्पेलिंग तिथे पहिल्यांदाच बरोबर जाऊ द्या. अर्जावर सही करण्याआधी दोघांनी अक्षर अक्षर वाचा.

दाखल्यावर सॅम्युअल आणि चर्चच्या नोंदवहीत शमुवेल असं झालं असेल तर सरकारी कामाला दाखलाच चालतो. चर्चकडून बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर 'ऊर्फ' घालून दोन्ही नावं मागून घ्या, लग्नाच्या वेळी उपयोग होतो.

१७. मोठेपणी बाप्तिस्मा घेतोय. नाव बदलून शमुवेल करायलाच हवं का?

अजिबात नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि ते अखेरपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले. बाबा पदमनजींचा १८५४ साली, त्यांनीही नाव सोडलं नाही. मनापासून हवं असेल तर मंडळीत ते नाव घ्या. कागदोपत्री बदलायचं असेल तर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि राजपत्रात प्रसिद्धी अशी वाट आहे. नाव बदललं म्हणजे धर्म बदलल्याची नोंद होते असंही नाही, त्या दोन वेगळ्या बाबी आहेत.

१८. हे नाव फक्त ख्रिस्ती लोकांचं आहे का?

मुळात ते यहूदी नाव आहे आणि यहूदी लोक आजही ठेवतात. त्यांच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात हन्नाचीच कथा वाचतात. मुसलमानांच्या परंपरेतही ते आहे. कुराणात तालूत राजाच्या, म्हणजे शौलाच्या, प्रसंगात एका संदेष्ट्याचा नाव न घेता उल्लेख येतो, भाष्यकार त्याला शमवील म्हणतात.

मराठी मुलखातला एक शमुवेल तर सगळ्यांना ठाऊक असावा असा आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजातले शमुवेल इझिकेल दिवेकर. लोक त्यांना सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. मुंबईतलं पहिलं सभास्थान त्यांनी १७९६ साली बांधलं, आणि सॅम्युअल स्ट्रीट हे रस्त्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. ख्रिस्ती समाजात वेदनायगम सॅम्युअल अझरिया १९१२ साली दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्याही नावात सॅम्युअल आहे.

१९. मुलगी झाली तर याचं स्त्रीरूप काय?

बायबलमध्ये नाही. ओढूनताणून रूप करण्यापेक्षा मुलीचं नाव हन्ना ठेवा. कथा तीच आहे आणि तिथे नायिका तीच आहे.

२०. आम्ही पुष्कळ वर्षं प्रार्थना केली, मूल झालं नाही. आता दत्तक घेतोय. त्याला शमुवेल म्हणणं योग्य होईल का?

हो, अगदी योग्य. हन्नाच्या तोंडी 'जन्म दिला' याला जोर नाही, 'मागितलं' याला आहे. "ह्याच मुलासाठी मी प्रार्थना केली" हे १:२७ मधलं वाक्य दत्तक आईलाही पूर्णपणे लागू पडतं. आणि शमुवेल स्वतः वाढला तो एलीच्या हाताखाली, रक्ताचं नातं नसलेल्या म्हाताऱ्याजवळ. प्रार्थना कमी पडली म्हणून मूल झालं नाही, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. शास्त्र हन्नाला तिच्या वांझपणाबद्दल एका शब्दानेही दोष देत नाही. दोष देते ती पनिन्ना.

कायद्याचं म्हणाल तर, पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना १८९०च्या पालकत्व कायद्याखाली फक्त पालक होता येत असे. बाल न्याय कायद्याने कोणत्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण दत्तक घेता येतं, आणि मूल सर्वार्थाने तुमचं होतं. नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, संकेतस्थळावर होते, दत्तकाचा आदेश आता जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर देतात, आणि त्या आदेशावरून तुमची नावं आई-वडील म्हणून घातलेला जन्मदाखला मिळतो. बाळ मोठं असेल आणि आपल्या जुन्या नावाला ओ देत असेल तर ते नाव एकदम पुसू नका. शमुवेल पुढे ठेवा, जुनं मागे राहू द्या. आदेशासाठी कागद भरतानाच दोन्ही नावांचं स्पेलिंग प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे ठरवून टाका.